गाडीची छाती तपासणाऱ्या सिस्टर

२००१ साल. मी बावन्न वर्षांचा होतो, आणि खडकीत ब्रेकचं काम माझ्यासारखं कुणाला येत नाही, हे माझ्याशिवाय इतरांनीही कबूल केलेलं होतं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक पांढरी बस माझ्या शेडच्या आवारात मागे मागे येत शिरली. फाटकाच्या खांबाला न घासता, एका दमात. मी मनात म्हटलं, ड्रायव्हर जुना दिसतो. दार उघडलं आणि साठीला टेकलेल्या एक बाई खाली उतरल्या. पांढरी साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कापडी बूट आणि गळ्यात डॉक्टर लोकांची छाती तपासायची नळी.

मी ठोकता ठोकताच काही विचारणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"ती ठोकाठोक बंद करा जरा. मला ऐकायचंय."

माझ्या शेडमध्ये, माझ्या हातात हातोडा असताना, मला असं कुणी सांगितलेलं नव्हतं. मी थांबलो. का थांबलो ते आजही सांगता येत नाही. बाईंनी ड्रायव्हरच्या सीटला लाकडी दांडका टेकवून त्याचं दुसरं टोक ब्रेकच्या पायटीवर, म्हणजे पॅडलवर, दाबून बसवलं होतं, म्हणजे ब्रेक लागलेलाच राहावा. मग पोतं अंथरून त्या बसखाली सरकल्या. नळीची दोन टोकं कानात, आणि ती गोल चकती कधी या पाइपावर, कधी त्या डब्यावर. डोळे मिटलेले. बाहेर येऊन त्यांनी साडी झटकली.

"मागच्या डाव्या चाकाला दम लागलाय. आतला रबरी पडदा फाटत आला असावा. बघता का?"

मी खोलून बघितलं. पडदा केसाएवढा चिरला होता. तेव्हापासून मला त्या बाईंचा हेवा वाटायला लागला. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हेवा जिथल्या तिथं आहे.

त्यांना सगळे सिस्टर म्हणत. डोळे तपासणारी एक धर्मादाय संस्था होती, तिची बस गावोगाव जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे तपासायची. सिस्टरांनी सगळी नोकरी त्या बसवर नर्स म्हणून काढली. पुढे संस्थेनं नवी गाडी घेतली आणि जुनी मोडीत काढली, ती सिस्टरांनी स्वतःसाठी घेऊन तिचं राहतं घर केलं. लग्न केलेलं नव्हतं. शनिवार पेठेत भावाकडे माडीवर एक खोली होती. त्या म्हणत, "माडीवर बसून कुणाची डोकी बघू येणाऱ्याजाणाऱ्यांची? त्यापेक्षा माझी खोली फिरती बरी." आत एक कॉट, गॅसची शेगडी, औषधांच्या कपाटात डाळी-तांदळाच्या बरण्या, आणि मागच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता तसाच ठेवलेला. वर मोठं अक्षर, खाली मुंगीएवढी.

जड गाडीचं लायसन्स त्यांनी नोकरीत असतानाच काढलेलं. परीक्षा घेणारा साहेब म्हणाला होता, "बाई, तुम्हाला रिक्षाचं हवंय का?" सिस्टर म्हणाल्या, "नाही, बसचं. आपल्याला आत बसायची भीती वाटत असेल तर आपण खाली उभं राहून बघा, माझी हरकत नाही." हे मला मालननं सांगितलं. मालन म्हणजे आमची मंडळी. सिस्टरांनी मला स्वतःहून असलं कधी काही सांगितलं नाही. सगळं मालनला. माझ्या वाट्याला फक्त ब्रेक.

बस माझ्याकडे राहिली, कारण ती शनिवार पेठेत जाईना. "आमच्या गल्लीत वरातीची घोडी वळत नाही, बस काय वळणार?" असं म्हणून सिस्टरांनी आवारात गाडी ठेवायची परवानगी मागितली. मी नाही म्हणणार होतो. आम्ही शेडच्या मागच्याच दोन खोल्यांत राहायचो. मालन दारातून म्हणाली, "राहू द्या की. मोकळीच तर जागा हाय." मुलींची लग्नं होऊन घर मोकळं झालेलं, हे तिच्या बोलण्यात होतं की नव्हतं, मला तेव्हा कळलं नाही. बस राहिली, आणि बसमध्ये सिस्टर राहायला लागल्या.

रोज सकाळी उजाडलं की त्यांचं पहिलं काम ठरलेलं. चहाच्याही आधी. हवेच्या ब्रेकच्या गाडीत इंजिनावर एक कॉम्प्रेसर असतो, तो हवा दाबून टाकीत भरतो. हवेत ओलावा असतोच, तो टाकीत पाणी होऊन तळाला बसतो, त्यात थोडं तेलही मिसळतं. टाकीच्या पोटाला एक कॉक असतो. तो उघडला की फुस्स करून पाणी बाहेर येतं. सिस्टर एकेका टाकीचा कॉक उघडून, पाणी पूर्ण जाऊन कोरडी हवा येईपर्यंत वाकून उभ्या राहायच्या. तो आवाज ऐकून मालन उठायची, आणि मालन उठली की मी.

"पाणी दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही, मिस्त्री," त्या म्हणत. "रोजचं रोज काढून टाकावं. साठलं की आतून गंजतं, आणि नेमकं घाटात आडवं येतं."

हे वाक्य त्या कशालाही लावायच्या. भावजयीशी वाजलं तर त्याच दिवशी जाऊन बोलून यायच्या. "तळाला बसू देत नाही मी," म्हणायच्या, "उद्या तिच्याच हातचं जेवायचंय." एकदा माझ्या शेडमधल्या कॉम्प्रेसरपुढे येऊन उभ्या राहिल्या. चाकात हवा भरायला, पाइप साफ करायला माझा मोठा कॉम्प्रेसर होता.

"याच्या टाकीचं पाणी कधी काढलं होतं?"

"सिस्टर, माझ्या टाकीचं मी बघतो."

"बघा. बघण्यासारखं बरंच असेल."

असं बोलून निघून जायच्या. पुणेरी माणसाला चार शब्दांच्या वर लागत नाहीत, आणि चौथा आपल्याला घरी गेल्यावर लागतो.

खोटं कशाला बोलू, त्यांना शिकायची हौस फार होती. गाडी चालवता येणं वेगळं आणि गाडी का थांबते हे कळणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. मी कामाला लागलो की स्टूल घेऊन समोर बसायच्या. एक दिवस मी त्यांना मागच्या चाकांची स्प्रिंग समजावून सांगितली. पायाचा ब्रेक हवेनं लागतो. पण गाडी उभी करून ठेवतानाचा जो ब्रेक, त्याची जाड स्प्रिंग मागच्या चाकांशी असते, आणि ती जन्मापासून आवळलेलीच असते. हवा तिला रेटून धरते तेव्हा चाक सुटतं. हवा गेली की स्प्रिंग आपोआप आवळते आणि गाडी जागच्या जागी. लोकांना वाटतं हवेनं फक्त थांबतं. अहो, हवेनं चालतंसुद्धा. सिस्टर एवढं मन लावून ऐकत होत्या की मला बोलायला बरं वाटलं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, माझ्यासमोर असं कुणी ऐकायला बसलेलं नव्हतं.

दोनच दिवसांनी बसमधून त्यांचा आवाज आला. मालन आत भाजी निवडत बसली होती.

"अगं, अगदी तुझ्या नवऱ्यासारखं. आत स्प्रिंग आवळलेलीच असते. तू सकाळ-संध्याकाळ हवा भरतेस म्हणून चाकं फिरतात. एक दिवस भरायची थांबलीस की बसले अडून, भर चौकात."

आणि मालन हसली. नुसती हसली नाही, श्वास अडकेपर्यंत हसली. शेवटी "अगं आई गं" म्हणून गप्प झाली आणि पुन्हा हसली. मी बाहेर उभा होतो, हातात ग्रीसचा डबा. ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. आमच्या घरात ते कुठं ठेवलेलं होतं, आणि या बाईंना बरोबर कसं सापडलं?

मालनला हे वाचून दाखवलं तर म्हणते, "आपण हसतच होतो की घरात." हसत असेल. माझ्यासमोर नाही.

त्यानंतर घरात प्रत्येक गोष्ट 'सिस्टर म्हणतात' पासून सुरू व्हायला लागली. सिस्टर म्हणतात, आमटीत गूळ कमी घालावा. सिस्टर म्हणतात, दुपारी थोडं पडावं. मी म्हणायचो, "सिस्टर म्हणतात तर मग सिस्टरांनाच वाढ." ती म्हणायची, "त्यांचं जेवण झालं कवाच." मग एक दिवस मी शेडमधून बघितलं तर बसखालून दोन जोडी पाय बाहेर आलेले. एका जोडीत कापडी बूट. दुसऱ्या जोडीत मालनची जोडवी.

माझ्या शेडमध्ये मी मालनला पान्याला कधी हात लावू दिला नव्हता. चांगल्या घरच्या बाईनं काळ्या तेलात हात घालू नये असं माझं मत होतं, आणि आजही ते फारसं बदललेलं नाही. ती बाहेर आली तेव्हा हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वरून फडकं बांधलेलं, आणि हात मनगटापर्यंत काळे. सोड्यानं धुतले तरी जेवताना वास येत होता. माझ्याच धंद्याचा वास, माझ्याच बायकोच्या हाताला, आणि तो माझ्याकडून गेलेला नव्हता. मी ताट बाजूला सारलं.

सिस्टर तिला दिवेघाटातून सासवडपर्यंत घेऊन गेल्या. ती परत आली ती नुसती बोलतच होती. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरलो. सिस्टरांनी पाय ब्रेकवर ठेवून घाट उतरला नाही, लागेल तेव्हा एकदाच दाबला आणि सोडला. "सिस्टर म्हणतात, ब्रेक म्हंजे औषध. लागंल तेवढंच घ्यायचं. दिवसभर घेत बसलं की लागू पडत न्हाई." खाली उतरल्यावर मालननं एकेका चाकाजवळ हाताची उलटी बाजू नेऊन धग किती लागतेय ते बघितलं. एखादं चाक जास्त तापलं तर त्याचा ब्रेक घासतोय, एखादं गारच राहिलं तर त्याचा लागतच नाही. "समद्यांना सारखाच ताप होता," ती मला म्हणाली. हे असं सांगताना तिची मान काय ताठ होती!

आता गंमत बघा. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, हे मी इतकी वर्षं ओरडून ड्रायव्हर लोकांना सांगत होतो. माझं नाव घेऊन हे कुणी कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर नाही.

कानावरून आठवलं. ते आता सांगायलाच हवं.

माझी एक पद्धत होती. हवा कुठं गळतेय ते शोधायला बाकीचे मिस्त्री साबणाचं पाणी लावायचे, जिथं बुडबुडे येतील तिथं गळती. मी ते कधी केलं नाही. माझे उस्ताद म्हणायचे, "साबण अंगाला लावायचा, गाडीला नाही." इंजिन बंद करायचं, गप्प उभं राहायचं, गाडी स्वतः सांगते कुठं दुखतंय. खडकी बाजारात माझं नाव होतं ते या कानावर.

हिंजवडीला तेव्हा नुकत्याच कंपन्या येत होत्या आणि पोरापोरींना न्यायला-आणायला ठेकेदारांच्या बसगाड्या लागल्या होत्या. तसा एक ठेकेदार माझं जुनं गिऱ्हाईक. त्याची एक बस रात्रभर उभी राहिली की सकाळी हवेचा काटा खाली. पुन्हा हवा भरेपर्यंत गाडी हलेना आणि पोरं घड्याळ बघत उभी. मी कान लावला आणि एक झडप बदलून दिली. दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात. मी पुन्हा इंजिन बंद करून उभा राहिलो, चांगला वेळ घेतला, आणि म्हणालो, "गळती कुठंही नाही. काटाच खोटा दाखवतोय."

मालन दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, मागं डावीकडं सूं करतंय की."

"तुला काय कळतंय? कुणाचा तरी कुकर असेल."

"कुकर न्हाई. गाडीच हाय."

सिस्टर स्टुलावरून उठल्या. बसमधून पाण्याचा मग आणि असल्याच कामासाठी ठेवलेला दाढीचा ब्रश घेऊन आल्या, साबणाचा फेस केला आणि मागच्या डाव्या बाजूच्या पाइपाच्या जोडावर फिरवला. द्राक्षाच्या घडासारखे बुडबुडे आले. ठेकेदारानं माझ्याकडे बघितलं, मालनकडे बघितलं, आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय मिस्त्री! आता वहिनींनाच ठेवा कामावर, तुम्ही स्वयंपाकाचं बघा!"

त्या दिवशी वारा होता. मागच्या रुळावर मालगाडी धडधडत उभी होती, शेजारी पत्रे ठोकणं चाललेलं. असं कुणाचंही होतं. पण ठेकेदार ती गोष्ट बाजारभर सांगत फिरला, आणि चहाच्या टपरीवर मला बघून लोक हळू बोलायला लागले. मुद्दाम. ऐकू येतंय का बघायला.

संध्याकाळी सिस्टर शेडच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"मिस्त्री, रागावू नका. एवढी वर्षं तुम्ही लोखंडावर हातोडा मारताय. कानातून बारीक आवाज आधी जातो. आपल्याला कळत नाही, कारण बाकीचं सगळं ऐकू येत असतं. एकदा दाखवून घ्या."

"माझे कान शाबूत आहेत. तुमची गाडी इथून कधी हलवताय तेवढं सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नर्स पेशंटकडे बघते तसं. म्हणूनच जास्त लागलं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. खाली कन्याकुमारीपर्यंत जायचं मनात होतंच. आणि बरोबर येतेस का, म्हणून मी मालनला विचारलंय. तुमच्या पाठीमागे विचारलं असं व्हायला नको, म्हणून सांगते."

जेवताना मालननं विषय काढला.

"मी जाऊन येऊ?"

"विचारतेस की सांगतेस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "सांगतेच म्हणा. दिवाळीच्या आत येते. पीठ दळून ठिवते, चटण्या करून ठिवते."

"चटण्यांवर माणूस जगतो का?"

"तुम्ही जगाल. तुम्ही रागावर बी जगता."

परत येईन म्हणाली होती, ती खोटं बोलणारी नव्हे. पण तसं हसत गेलेलं माणूस परत येऊन त्याच दोन खोल्यांत कसं राहील, हे मला कळेना. कुणाला विचारणार? असल्या गोष्टी विचाराव्यात असं माणूस आसपास एकच होतं, आणि त्या सिस्टरांनाच मी गाडी हलवा म्हणून सांगितलेलं.

निघायच्या आधी चारही चाकांचे ब्रेक बांधून घ्यायला हवे होते. सिस्टर दोनदा म्हणाल्या, "ते काम मात्र तुमच्याच हातचं हवं. दुसऱ्याच्या हातावर माझा भरवसा नाही." मी बघू बघू म्हणत राहिलो. त्यांनी दुसरीकडे जावं असं वाटायचं, आणि त्या खरोखर दुसरीकडे जातील म्हणून फाटकावर नजरही ठेवायचो. तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुलं घालतो, आणि मग दसरा पार पडेपर्यंत त्यांना हात लावत नाही. माझ्या बापानं लावला नाही, मी लावला नाही.

दसऱ्याला दुपारी मालननं तिची पिशवी बसमध्ये नेऊन ठेवली. निळी पिशवी, मुलीच्या बाळंतपणाला न्यायची तीच. मी शेडमधून ते बघितलं. सकाळी ही गाडी आहे त्या ब्रेकवर निघणार होती. पुढं खंबाटकी, पुढं आणखी किती घाट. मी पाटावरचा पाना उचलला. त्यावरचं हळदकुंकूही पुसलं नाही.

"अहो, आज हात लावत न्हाईत," मालन म्हणाली.

"चाकांना ठोकळे लाव," मी म्हटलं.

एकेक चाक उचलून मी ब्रेक बांधला. पट्टा ड्रमला लागेपर्यंत आवळायचा, मग थोडा सोडायचा. फार सोडला तर वेळेला लागत नाही, आवळलेलाच ठेवला तर तापून जळतो. किती सोडायचा ते हाताला कळतं. ते कुणाला सांगून शिकवता येत नाही, सिस्टरांनाही आलं नव्हतं, एवढं एक माझ्याकडे होतं.

चाकं झाली. मग हवा पूर्ण भरून इंजिन बंद केलं. सिस्टर वर सीटवर बसून पायटी दाबून होत्या. त्यांनी खिडकीतून गळ्यातली नळी काढून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही. मी मालनकडे वळलो.

"तू ऐक."

तिला आधी वाटलं मी टोमणा मारतोय. मग तिनं बांगड्या वर सरकवल्या आणि गाडीखाली गेली. मी तिच्या मागोमाग, पाना घेऊन.

"हितं न्हाई. हितं बी न्हाई." ती पुढच्या चाकाशी थांबली. "थांबा. हितं बारीक हाय."

मी जोड थोडा आवळला. "आता?"

"अजून जरा."

"आता?"

"आता गप झालं."

इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. म्हणजे पोरं सोडून. सिस्टर वरून सगळं ऐकत होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या याचाही मला राग आला. अशा वेळी गप्प बसायचं असतं हेसुद्धा त्यांनाच कळावं!

सकाळी त्या निघाल्या. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे टाक्यांचं पाणी काढलं, हवा भरली, इंजिन बंद करून ब्रेकची परीक्षा म्हणून पायटी दाबत राहिल्या. काटा खाली आला, धोक्याची घंटी वाजली, आणखी खाली आल्यावर स्प्रिंग खट्कन आवळली. सगळं जसं हवं तसं. पुन्हा हवा भरली. मालननं चाकांचे ठोकळे काढून आत टाकले, मागच्या दारात चढली आणि क्लीनरसारखी पत्र्यावर दोनदा थाप मारली. कुठं शिकली होती देव जाणे. फाटकातून बाहेर पडताना सिस्टर खिडकीतून वाकून मला काहीतरी म्हणाल्या. "मिस्त्री, तुमची ती टाकी..." एवढंच कळलं. पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. कुणाचंही गेलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मालन दिवाळीच्या आत आली. काळवंडली होती, चालणं बदललं होतं. त्यानंतर दरवर्षी सिस्टर निघाल्या की ही निघायची, आणि बस परत माझ्याच आवारात यायची. ती हलवा असं मी पुन्हा म्हटलं नाही, आणि सिस्टरांनीही त्या बोलण्याची कधी आठवण काढली नाही. पाय दुखायला लागले तेव्हा त्यांनी बस विकली आणि शनिवार पेठेतल्या माडीवर गेल्या. त्याच माडीवर वारल्या. जाताना ती नळी मालनला ठेवली. आमच्या घरात कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेली असते. मालन तिच्यावर धूळ बसू देत नाही. मला त्यांनी काही ठेवलं नाही. माझं म्हणणं, चार चाकांचे ब्रेक मी बांधले, सगळे घाट त्या माझ्या हातावर उतरल्या, मग निदान तो डोळ्यांचा तक्ता तरी ठेवायचा. मालन म्हणते, "काय करणार होता तुम्ही त्येचं?" काय करणार होतो ते मला माहीत नाही. पण ठेवायचा.

आता माझ्या कानात मशीन आहे. मालनच्या आग्रहाखातर. बरेचदा काढून ठेवतो.

हे सगळं पुढचं. बस पहिल्यांदा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला उशिरा जाग आली. उठवायला कुणी नव्हतं. आवारात गेलो तर बस उभी असायची तिथं जमिनीवर एक गोल डाग होता, रोजच्या पाण्याचा, तेलाच्या कडांचा. मी चहा करायला आत गेलो, साखर कुठं ठेवलीय ते सापडेना, तसाच परत शेडमध्ये आलो. हळदकुंकवाचा पाना कोपऱ्यात पडला होता. तो घेतला आणि कॉम्प्रेसरपुढे बसलो. टाकीखालचा कॉक गंजून घट्ट बसला होता, हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा सुटला.

लाल पाणी आलं. आधी घट्ट, चिखलासारखं, मग पातळ. पूजेच्या पाटाकडे वाहत गेलं, झेंडूची फुलं उचलून दारापर्यंत घेऊन गेलं, आणि तरी येतच राहिलं. एवढं सगळं आत होतं. मग पाणी थांबलं आणि नुसती हवा लागली. आधी मोठ्यानं, मग कमी, मग आणखी कमी. आवाज थांबला असं वाटलं म्हणून मी कॉक बंद करायला हात पुढे केला, आणि तळहाताला गार लागलं. हवा अजून येत होती.

मी हात तसाच धरून बसून राहिलो.